साच्यातला हात

मूर्तींच्या त्या कारखान्यात वडिलांनी एक नियम घालून दिला होता: चेहरा साच्यातला चालेल, हात माणसाचा पाहिजे. ख्रिस्ताचा चेहरा, संतांच्या दाढ्या, देवदूतांचे गाल हे सगळं रबरी साच्यांतून डझनावारी निघायचं, त्याचं वडिलांना काही वाटत नसे. पण क्रुसावरच्या हाताला खिळा ठोकायचा असतो. तो हात कुणाच्या तरी अंगाचा असला पाहिजे, असं ते म्हणत, आणि तेवढ्यासाठी घरातल्याच कुणाच्या तरी हातावर प्लास्टर चढवून साचा घेत. हात देणाऱ्याने आधी चर्चमध्ये जाऊन पापांची कबुली द्यायची, मगच बाही वर करायची. "मळका हात दिलास तर मळकाच उतरेल," एवढंच कारण ते देत. ह्यात भक्ती किती आणि कारागिराचा हट्ट किती, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

वडील गेले आणि कारखाना दोघा भावांकडे आला. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकट्याला धाकटा. चाळिशी आली, कपाळ मागे सरकत गेलं, घरात मूल चालायला लागलं, तरी तो आपला धाकटाच. ही गोष्ट त्याची आहे, आणि मागचं एक सांगितल्याशिवाय ती पुढे जायची नाही. ते सांगून टाकतो. लपवालपवी करायला गोष्टीत एक माणूस पुरेसा आहे.

दोन वर्षांमागे कारखान्यातला रंगारी मेला. त्याला डोळेवाला म्हणायचे, कारण मूर्तींचे कपडे कुणीही रंगवो, डोळे फक्त तो काढायचा. कब्रस्तानासाठी केलेला भला थोरला देवदूत चेनपुलीला टांगला होता. डोळेवाला पंखांची खालची बाजू रंगवायला त्याच्या खाली शिरला, आणि पट्टा हुकातून निसटला. हुकाच्या तोंडावर एक लहानशी पट्टी असते. ती मिटली की पट्टा बाहेर येत नाही. ती मिटलेली नव्हती. हुक लावला होता धाकट्याने. दादा त्या वेळी बाहेरून येत दारापाशी पोचला होता. तो धावला, एकट्याने देवदूत उचलायला गेला, आणि उजव्या हाताची शेवटची दोन बोटं त्याखाली अर्धी चिरडून बसला. पोलीस आले, तेव्हा हाताला फडकं गुंडाळलेल्या दादाने कुणी विचारायच्या आधीच सांगितलं, "हुक मी लावला होता." धाकट्याची बायको तेव्हा पोटुशी होती, दादाच्या मागे कुणी नव्हतं. धाकट्याने बोलायला तोंड उघडलं, आणि मग मिटलं. एवढाच त्याचा गुन्हा म्हणा, किंवा हाच खरा गुन्हा म्हणा.

दादा काही महिने तुरुंगात राहून आला. त्या विषयावर त्याने पुन्हा अवाक्षर काढलं नाही, धाकट्यापाशीसुद्धा नाही. साच्याच्या कामाला मात्र हात लावायचा त्याने सोडला. सकाळी उठून तो मागच्या गल्लीत डोळेवाल्याच्या बायकोकडे जायचा, तिचं पाणी भरून द्यायचा, जड सामान वर चढवायचा. ती त्याला नको म्हणत नसे. ती त्याला बोलून घेई. तिचा आवाज कारखान्याच्या मागच्या खिडकीतून सरळ आत येई.

"तुझी दोन बोटं गेली, त्याचं एवढं काय. माझा अख्खा माणूस गेला. आणि वर लोक मला सांगतात, तोच बेफिकीर, टांगत्या ओझ्याखाली बघितल्याशिवाय शिरला. अरे, रस्ता ओलांडताना चार वेळा मागेपुढे बघणारा माणूस तो. मेल्यावर त्याला बेफिकीर ठरवलात."

दादा ऐकून घेई. धाकटा प्लास्टर ढवळायचं मशीन चालू करी. बादलीत काही नसलं तरी करी.

डोळेवाल्यानंतर कारखान्यात डोळे कुणी काढले नाहीत. एक नवा रंगारी ठेवला होता, तो अंगरखे छान रंगवायचा, पण डोळ्यांशी आला की ब्रश खाली ठेवी. शेवटी घेणारे मूर्ती तशाच नेऊन बाहेर कुठे तरी डोळे काढून घेऊ लागले. तोवर फळ्यांवर रांगेने सगळे उभे: रंगीत झगे, गुलाबी ओठ, आणि डोळ्यांच्या जागी पांढरे गुळगुळीत गोळे. धाकट्याची बायको म्हणायची, "ह्यांच्याकडे पाठ करून बसलं की जास्त बघतात." ती हसत म्हणायची, पण बसायची मात्र भिंतीला टेकून.

त्या वर्षी गुड फ्रायडे जवळ आला असताना चर्चमधून निरोप आला. मोठ्या क्रुसावरच्या ख्रिस्ताचा उजवा हात गळून पडला होता. आतली लोखंडी सळी गंजून फुगली, आणि प्लास्टर आतून फुटलं. मनगटाच्या पुढे काही उरलंच नव्हतं, नुसता चुरा. तो क्रूस वडिलांनी केलेला, हातही त्यांचेच. नवा हात घरातलाच लागणार, हे धाकट्याला न सांगता कळलं.

दादाच्या हाताचा प्रश्नच नव्हता. राहिला धाकटा.

कबुलीला जायचं त्याने टाळलं. म्हणजे तो चर्चपर्यंत गेला, पायऱ्यांवर चपलेतला खडा काढत बराच वेळ उभा राहिला, आणि परत आला. वाटेत त्याने मनाशी एक सौदा जुळवला. सांगायचं कशाला? हातच देऊन टाकू. माझ्या हाताने पाप झालं ना, मग त्याच हाताला खिळा बसू दे. जन्मभर तो तिथे लटकेल, लोक येऊन त्याच्यापुढे गुडघे टेकतील, फिटलं सगळं. तोंडाचं काम हातावर भागवायचं, अशी ती युक्ती. वडिलांचा नियम त्याला ठाऊक होता, पण नियम पाळायला कुणी बघत नव्हतं, आणि फळीवरच्यांना डोळे नव्हते.

दुपारी त्याने आणि बायकोने साचा घ्यायला घेतला. हाताला व्हॅसलीन चोपडलं, मनगटापासून बोटांच्या कडेने बारीक दोरा लावला, आणि बायकोने दह्याइतकं दाट झालेलं प्लास्टर थापायला सुरुवात केली. प्लास्टर घट्ट व्हायच्या बेतात असताना दोरा ओढायचा, म्हणजे साचा मधोमध कापला जाऊन दोन फाका होतात आणि हात सुखरूप सुटतो. घट्ट होताना प्लास्टर तापतं. लहानपणी दादाने त्याला सांगितलं होतं की आतला माणूस जागा होतो म्हणून तापतं, आणि धाकटा आठवडाभर कारखान्यात पाऊल टाकायला तयार नव्हता.

साचा चांगला उतरला. फाका जोडल्या, आतून साबणाचं पाणी फिरवलं, पातळ प्लास्टर ओतलं, बाहेरून टकटक करून हवेचे बुडबुडे काढले. वाळल्यावर बायकोने छिन्नीने साचा फोडला. तळवा आला, अंगठा आला, दोन बोटं आली. पुढची दोन बोटं अर्धीच.

"हवा अडकली," बायको म्हणाली.

"अडकली असेल," धाकटा म्हणाला.

बुडबुडा अडकून बोटाचं टोक न येणं ह्यात नवल काहीच नाही, शिकाऊ पोराच्या हातून रोज होतं. धाकटा शिकाऊ नव्हता, पण माणसाला हवं ते कारण हवं त्या वेळी सापडतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साचा घेतला. ह्या वेळी प्लास्टर ओतायच्या आधी त्याने साच्यात पाणी भरून पाहिलं. पाणी पाचही बोटांच्या टोकांपर्यंत गेलं. गवताची काडी घालून पाहिली, तीही टोकाला टेकली. मग पाणी ओतून टाकलं, साचा वाळवला, प्लास्टर ओतलं, आणि दोघं नवराबायको समोर बसून राहिली. मूल पाळण्यात झोपलं होतं. बाहेर कुणी तरी सायकलची घंटा वाजवत गेलं.

साचा फुटला. दोन बोटं अर्धीच. आणि ह्या वेळी अर्ध्या बोटांची टोकं गुळगुळीत नव्हती. कातडी आत ओढून शिवल्यावर पडतात तशा चुण्या त्यांवर होत्या. टाक्यांच्या खुणाही होत्या, मुंगीच्या पायांएवढ्या. बुडबुड्याला टाके घालता येत नाहीत.

बायकोने तो हात उचलला आणि लगेच खाली ठेवला. "हा हात मी रोज दोन वेळा ताटापुढे बघते," ती म्हणाली. "हा भाऊजींचा आहे."

"काहीतरीच काय. माझ्या हातावर तूच प्लास्टर थापलंस ना?"

"थापलं, म्हणून तर विचारते. अहो, तुम्ही काय केलंय?"

"मी काय करणार? भित्यापाठी ब्रह्मराक्षस तसं झालंय तुझं."

"भ्यायलेत तुम्ही," बायको म्हणाली. "घाम तुमच्या मानेवर आहे, माझ्या नाही. ह्यापुढे मी त्या बादलीला शिवणार नाही. ज्याने पेरलं त्याने कापावं." तिने मुलाला पाळण्यातून उचललं, झोपलेलं होतं तरी उचललं, आणि वर निघून गेली.

त्या रात्री जेवताना धाकट्याने दादाच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि जेवणभर दुसरीकडे कुठे बघितलं नाही. दादा तीन बोटांनी घास करायला शिकला होता. उरलेली दोन घासाच्या बाजूला मुकी उभी असत. टाक्यांच्या खुणा जिथे असायला हव्या, तिथेच होत्या. "मीठ देऊ?" दादाने विचारलं. धाकट्याने मान हलवली. ती होकारार्थी की नकारार्थी ते दोघांनाही कळलं नाही, म्हणून दादाने थोडंसं वाढलं.

तिसरा साचा धाकट्याने एकट्याने घेतला. भर दुपार होती, दार उघडं होतं. त्याने मातीच्या गादीवर उजवा हात उताणा ठेवला आणि डाव्या हाताने त्यावर प्लास्टर घालत गेला. एकट्याने करायचं काम नाही ते, पण जमलं. मग तो स्टुलावर बसून वाट बघू लागला. फळीवरचे पांढरे गोळे समोर होते. त्याने पाठ केली असती, पण हात अडकलेला होता.

प्लास्टर कोमट झालं, मग गरम झालं. आणि आत, त्याच्या तळव्यात, कुणाची तरी बोटं आली.

आधी त्याला वाटलं, प्लास्टर आक्रसतंय. पण प्लास्टर आक्रसत नाही, किंचित फुगतंच, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. बोटं हळूच त्याच्या बोटांमधून सरकत आत आली, तळव्यावर तळवा टेकला, आणि पकड बसली. तीन बोटांची घट्ट, आणि दोन अर्ध्या बोटांची, जिथे टोकं नुसती टेकून राहतात. ती पकड त्याच्या ओळखीची होती. शाळेत जाताना मोठा रस्ता आला की दादा असाच हात धरायचा, आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडायचा नाही. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. तो हात त्याला कुठे तरी पलीकडे नेत होता, आणि धाकटा इथे स्टुलावर बसून प्लास्टर वाळायची वाट बघत होता. दोरा ओढायचं भान त्याला राहिलं नाही. पुढे करवतीने कापून हात सोडवावा लागला, आणि सुटला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं होतं. चिमटा काढला तरी जाणवेना.

त्या कापलेल्या साच्याच्या फाका जोडून प्लास्टर ओतल्यावर जो हात निघाला, तो दादाचा आहे हे सांगायला डोळेही लागले नसते. चाचपून कळलं असतं. अंगठ्याचं वाकडं नख, मनगटावरचा जुना भाजल्याचा वण, सगळं जागच्या जागी. बोटं थोडी मिटलेली होती, दुसऱ्या कुणाचा हात धरल्यासारखी.

धाकट्याने तो टॉवेलात गुंडाळला आणि फादरकडे नेला.

फादर म्हातारे होते आणि त्यांना सर्दी झाली होती. ते चर्चच्या मागच्या खोलीत वाफ घेत बसले होते. डोक्यावरचा टॉवेल काढून त्यांनी धाकट्याचा टॉवेल उघडला, चष्मा लावला, आणि बराच वेळ नाक पुसत बसले.

"कुणाचा हात?"

"माझा."

फादरनी टेबलावरचा हात बघितला, मग धाकट्याचा बघितला. "असं," ते म्हणाले.

"साचा माझाच घेतला, फादर. तीनदा घेतला. दर वेळी असाच उतरतो. तुम्ही दुसरीकडून एखादा तयार हात मागवा. मी आणून बसवून देतो."

"तुझ्या बापाने कधी तयार हात बसवला नाही. तू का द्यायला निघालास स्वतःचा?"

"वाटलं, आपलं काहीतरी द्यावं. प्रायश्चित्त म्हणून."

"कशाचं?"

धाकटा टेबलाच्या कडेचा रंग नखाने खरवडू लागला. फादरनी त्याला थोडा वेळ खरवडू दिला.

"बघ बाबा," ते म्हणाले, "मी चाळीस वर्षं कबुलीच्या त्या खिडकीआड बसून ऐकतोय. माणसं त्याला काय काय द्यायला येतात. कुणी केस देतं, कुणी दारू सोडतं, कुणी गुडघ्यांवर चालत येतं. आता तू हात घेऊन आलास. देवाने काय हातांचं दुकान काढलंय? जे द्यायचं ते त्याने स्वतःच दिलं, सगळं अंग दिलं, आणि वर कुणाकडून काही मागितलं नाही. त्याच्याकडे नाही अशी एकच वस्तू तुझ्यापाशी आहे, ती म्हणजे तुझं पाप. ते तेवढं सोडून बाकी सगळं द्यायला तू तयार आहेस. ते मुठीत ठेवून तो कसा उचलेल?"

"एखाद्याने दुसऱ्याचं आधीच उचललेलं असेल तर?"

"तर त्याचे उपकार," फादर म्हणाले. "पण ज्याचं उचललं त्याने निदान म्हणावं ना, की हे माझं होतं. नाहीतर तो उचलणारा जन्मभर चोराचा माल घेऊन उभा." त्यांना शिंक आली. एकामागून एक तीन आल्या. "आता बोलतोस, की मी पुन्हा वाफ घेऊ?"

धाकट्याच्या तोंडाशी सगळं आलं होतं. बायको डोळ्यांपुढे आली, पाळणा आला, पोलिसांची गाडी आली. "वाफ घ्या," तो म्हणाला.

"मग हाच हात बसव. शुक्रवार तोंडावर आलाय, दुसरा आणायला वेळ नाही. आणि मोडक्या अंगाला मोडका हात शोभेल."

त्याने बसवला. तळव्यात भोक पाडताना त्याने डोळे मिटून घेतले. ही कारागिराला न शोभणारी गोष्ट झाली, तरी भोक बरोबर मधोमध पडलं. वरून रंग दिला. खाली उभं राहून बघणाऱ्याला दोन बोटं मिटल्यासारखी दिसत, त्यामुळे बोभाटा झाला नाही. दादा त्या दिवसांत चर्चमध्ये आला नव्हता. बायकोने काही विचारलं नाही. ती ताट वाढायची आणि ताटाकडेच बघायची.

शुक्रवारी दुपारी चर्च भरलं. वेदीवर कापड नव्हतं, मेणबत्त्या नव्हत्या, घंटा बंद. तो सगळा दिवसच तसा असतो, घरातलं माणूस गेल्यावर खोल्या दिसतात तसा. मोठा क्रूस भिंतीवरून उतरवून पायऱ्यांवर तिरका टेकवला होता, आणि माणसं एकेक करून पुढे येत, वाकत, पायांचं चुंबन घेत आणि बाजूला होत. धाकटा बायकोमुलासह पुढच्या बाकावर होता. दादा सगळ्यांत मागे, दाराशी, हात खिशात घालून. तुरुंगातून आल्यापासून त्याची जागा तीच.

डोळेवाल्याची बायको रांगेत होती. गुडघ्यांनी अधू असल्यामुळे तिला पायांपर्यंत वाकता येईना. म्हणून ती क्रुसाच्या कडेला आली. तिथे उजवा हात तिच्या तोंडासमोर होता. ती पुढे झाली, आणि थांबली. मागची माणसं थांबली. तिने बोट लावून पाहिलं, त्या दोन अर्ध्या बोटांच्या टोकांना, चुण्यांना, टाक्यांना. मग ती मागे वळली, आणि एवढ्या मोठ्या चर्चमध्ये तिला जो माणूस हवा होता तो तिने बरोबर शोधला.

"हा हात मी रोज बघते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे जास्त लांब गेला. "पाण्याची कळशी धरलेला बघते. माझ्या माणसाला मारणाऱ्याचा हात तुम्ही देवाला लावलात? आणि मी आता ह्याचं चुंबन घेऊ?"

दादा दारापाशी गोंधळून उभा. "मी नाही दिला," तो म्हणाला. "मला ह्यातलं काही माहीत नाही, वहिनी."

"मग कुणाचा हा?"

लोक दादाकडे वळून बघू लागले. कुणी तरी म्हणालं, "लाज वाटायला पाहिजे." दादाने मान खाली घातली. इतक्या वेळा घातलेली ती मान, सवयीने गेली खाली. तो हेही उचलणार होता. क्रुसावरच्या हाताचा अपमान, मेलेल्याची थट्टा, जे काही म्हणतील ते. अजून थोडा वेळ गप्प बसलं की झालं, दादा "हो, माझाच" म्हणून मोकळा होईल, हे धाकट्याला स्पष्ट दिसलं. दादाचे ओठ हललेसुद्धा होते.

"माझा," धाकटा म्हणाला.

तो कधी उभा राहिला ते त्याला कळलं नव्हतं. त्याने उजवा हात वर केला. पाच बोटांचा, धडधाकट. दोन बोटं अजून जाणवत नव्हती, पण ती होती, सगळ्यांना दिसत होती.

"साचा माझ्या हाताचा घेतला. उतरला तो दादाचा. का ते मला विचारू नका." "हुक मी लावला होता. दादा दारात होता. त्याने माझ्यासाठी आळ स्वतःवर घेतला, आणि मी घेऊ दिला."

बायकोने मुलाला छातीशी धरलं. फादर खुर्चीत होते तिथेच राहिले. धाकट्याला वाटलं होतं, आता कुणी तरी अंगावर धावून येईल, निदान थुंकेल. त्याची तयारी होती. पण कुणी हललं नाही. डोळेवाल्याची बायको त्याच्याकडे बघत राहिली, जणू हे सगळं तिला मागाहून ऐकायचं होतं, आधी दुसरंच काही होतं.

"म्हणजे शेवटी आमच्या ह्यांच्याजवळ तुम्ही होतात," ती म्हणाली.

"हो."

"मी ह्याला रोज विचारत होते. शेवटी काय बोलले म्हणून. हा म्हणायचा, मला ठाऊक नाही. मला वाटायचं, मुद्दाम सांगत नाही. एवढं नुकसान करून वर शब्दही दाबून ठेवतोय, म्हणून मी त्याला जास्त बोलायचे." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "तुम्ही सांगा. काय बोलले?"

दादाने सगळं उचललं होतं. तुरुंग उचलला, बदनामी उचलली, तिच्या शिव्या उचलल्या. एवढं एक त्याला उचलता आलं नव्हतं, कारण ते त्याला ठाऊकच नव्हतं. ते धाकट्यापाशी होतं, आणि धाकट्याने ते स्वतःच्या कानांनाही ऐकू दिलं नव्हतं.

"मी मोबाइल बघत होतो," तो म्हणाला. "काहीतरी व्हिडिओ. ते देवदूताखाली शिरायच्या आधी थांबले. मला म्हणाले, 'धाकटे मालक, हुक नीट लागलाय ना? बघा एकदा.' मी बघितलं नाही. म्हटलं, 'लागलाय.' मग ते आत गेले."

डोळेवाल्याच्या बायकोचा चेहरा हलला. रडणार असं वाटलं, पण ती रडली नाही.

"म्हणजे ह्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे विचारून गेले."

"विचारून गेले."

ती वळली. रांगेत तिच्या मागे जी बाई होती, तिला म्हणाली, "ह्यांनी विचारलं होतं." त्या बाईने मान हलवली. मग तिच्या मागच्याला म्हणाली, मग त्याच्याही मागच्याला. दुखऱ्या गुडघ्यांनी ती रांगेच्या कडेकडेने चालत राहिली आणि प्रत्येकापाशी थांबून तेच सांगत राहिली, बातमी सांगावी तसं, "ह्यांनी विचारलं होतं, बघा म्हणाले होते," आणि माणसं "हो" म्हणत वाट देत गेली. अशी ती दारापर्यंत पोचली. तिथे दादा होता. तुरुंगातून आल्यापासून रोज ज्याला तिने तोंडाला येईल ते ऐकवलं, त्याच्यापुढे आल्यावर मात्र तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"ऐकलं मी, वहिनी," दादा म्हणाला.